अंगवळणी

“अगो बाय, मान वर कर. त्या डबड्यात काय पडलंय तुझं?”

डबडं म्हणजे माझा लॅपटॉप. २०२०च्या टाळेबंदीत पुण्यातली खोली सोडून मी सावर्ड्याला घरी आले आणि माजघरातल्या टेबलावर ऑफिस थाटलं, तेव्हापासून आजीचं हे वाक्य दिवसातून चार-पाचदा ऐकू यायचं. नोकरीला लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आधी मान आखडायला लागली, मग उजवा खांदा, मग अंगठ्यापासून कोपरापर्यंत तार ओढल्यासारखी कळ. पुण्याला परतल्यावर फिजिओथेरपी झाली, योगासनांचा वर्ग झाला, मैत्रिणींनी सुचवलेल्या दोन-तीन ‘बॉडीवर्क’ पद्धतीही करून झाल्या. प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव, वेगळी फी आणि वेगळं स्पष्टीकरण. एक म्हणे दोष स्नायूंचा, दुसरा म्हणे स्नायूंवरच्या आवरणाचा, तिसरी म्हणे मेंदूला लागलेल्या सवयीचा.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. जुना कोड समजत नसेल तर तो कुणी, कधी आणि कसली अडचण सोडवायला लिहिला ते आधी बघायचं. मी या उपचारांच्या बाबतीत तेच करायचं ठरवलं. वाचत गेले तसा एक मराठी शब्द सारखा आठवत राहिला: अंगवळणी. एखादी गोष्ट अंगवळणी पडली, असं आपण सहज म्हणतो. शरीराला एक वळण लागतं आणि मग ते वळण आहे हेच आपल्याला जाणवेनासं होतं. या साऱ्या पद्धतींचा इतिहास म्हणजे हे वळण कुणाला कसं दिसलं आणि ते बदलायला कुणी काय केलं, याचा इतिहास आहे.

सुरुवात घरापासून करते, कारण अंगाला हात लावून बरं करण्याची विद्या आपल्याकडे दवाखान्याच्या कितीतरी आधीपासून आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोज अंगाला तेल लावावं असं सांगताना तीन उपमा दिल्या आहेत: तेल मुरलेला घडा, तेलाने मऊ केलेलं चामडं आणि वंगण घातलेला गाडीचा आस. ही तिसरी उपमा वाचून मला फार बरं वाटलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा वैद्य शरीराकडे झिजणारं यंत्र म्हणून बघत होता आणि झीज कमी कशी होईल याचा विचार करत होता. त्याच जागी तो असंही म्हणतो की वाताचं प्राबल्य स्पर्शाच्या इंद्रियात आहे आणि ते इंद्रिय त्वचेत आहे, म्हणून तेल त्वचेला हितकर.

ग्रंथातलं हे ज्ञान गावात मात्र वेगवेगळ्या हातांत वाटलेलं होतं. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणारी सुईण, पाय लांब करून त्यांवर बाळाला पालथं घालून न्हाऊ घालणारी एखादी शेजारीण, डोक्याची चंपी करणारा न्हावी, मोडलेलं हाड बसवणारा हाडवैद्य. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात कुस्ती बहरली, तिथल्या तालमींत अंग रगडणं हा मेहनतीइतकाच नेमाचा भाग होता. आणि उसण भरली तर पायाळू माणूस शोधायचा, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेला. त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, हा समज आमच्याकडे अजून आहे. माझा एक चुलत काका पायाळू आहे. लहानपणी त्याच्याकडे येणारी माणसं बघून मला तो मोठा डॉक्टर वाटायचा.

या सगळ्याचं गोडवे गाऊन चालणार नाही. आजीचं डावं मनगट वाकडं आहे. तरुणपणी ती विहिरीपाशी घसरली, हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधलं, हात सुजून काळानिळा झाला तरी कुणी सोडला नाही. पट्टी सैल बांधली तर सांधा हलतो आणि फार आवळली तर सूज येते, वेदना होतात, जखम चिघळते, असं सुश्रुतसंहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ज्याने हात बांधला त्याच्यापर्यंत सुश्रुत पोचला नव्हता आणि ज्यांच्यापर्यंत पोचला होता ते हाड बसवायला बसत नव्हते. लिहिणारे आणि हात लावणारे वेगळे राहिले, तिथे दोघांचंही नुकसान झालं. सुईणीला बाळाच्या पोटात वात धरलाय हे बोटांनी कळायचं, पण तिला काय कळतं हे कुणी लिहून घेतलं नाही. हाडवैद्य चुकत होता, ते त्याला कुणी सांगितलं नाही.

याच हातांपैकी एक हात समुद्रापार गेला आणि तिथे त्याचा व्यवसाय झाला. १७५९ साली पाटण्यात जन्मलेला शेख दीन महंमद ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर वाढला, पुढे आयर्लंडला आणि मग इंग्लंडला गेला. १८१४च्या सुमारास त्याने ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केलं. आपल्या चंपीच्या मुळाशी असलेल्या हिंदी ‘चाँपना’ या क्रियापदाचं इंग्रजीत ‘शाम्पू’ झालं, ते मूळ अंग चेपण्याच्या अर्थाने. केस धुण्याचा अर्थ नंतरचा. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो ‘शाम्पूइंग सर्जन’ होता. चंपी करणाऱ्याला गावात जो मान कधी मिळाला नाही, तो लंडनच्या दरबारात मिळाला.

त्याच काळात, १८१३ साली, पेअर हेन्रिक लिंग याने स्टॉकहोममध्ये व्यायामाची सरकारी संस्था काढली. सैनिकांसाठी कवायत आणि आजाऱ्यांसाठी हालचाल, असा तिचा दुहेरी उद्योग. आज स्पामध्ये ज्याला ‘स्वीडिश मसाज’ म्हणतात त्याचं श्रेय सहसा लिंगला देतात, पण चोळणं, मळणं, थोपटणं या हातांच्या क्रियांना नावं देऊन त्या बसवल्या त्या योहान मेझगर या डच डॉक्टरने. मालिश दवाखान्यात शिरलं आणि लगेच बदनामही झालं. लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात, अशी ओरड १८९४ साली झाली तेव्हा चार परिचारिकांनी त्याच वर्षी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. अभ्यासक्रम, परीक्षा, नियम. ब्रिटनमधला फिजिओथेरपीचा व्यवसाय या संस्थेतून वाढला. आपल्याकडे तो आला पोलिओमुळे. साथीनंतर मुंबईत लुळ्या पडलेल्या मुलांना पुन्हा उभं करायला माणसं हवी होती, म्हणून १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली.

इथपर्यंतच्या सगळ्या पद्धतींत एक गोष्ट समान आहे. दुसरं कुणीतरी तुमच्या अंगावर काम करतं किंवा तुम्हाला व्यायाम नेमून देतं. ज्यांना आज ‘सोमॅटिक’ म्हणतात त्या पद्धतींची वाट इथे वेगळी होते, आणि ती वेगळी केली डॉक्टर नसलेल्या एका माणसाने.

फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर, जन्म १८६९, टास्मानिया. शेक्सपिअरच्या नाटकांतले उतारे रंगमंचावर म्हणणं हा त्याचा पेशा. कार्यक्रमात आवाज बसायचा, विश्रांती घेतली की सुटायचा, पुन्हा बोलायला उभा राहिला की पुन्हा बसायचा. डॉक्टर म्हणायचे, घशाला विश्रांती द्या. अलेक्झांडरने सरळ तर्क लढवला: विश्रांतीने बरं वाटतं आणि म्हणताना बिघडतं, तर म्हणताना मीच काहीतरी करत असलो पाहिजे. तो आरशासमोर उभा राहिला. दिसलं असं की तोंड उघडायच्या आधीच त्याचं डोकं मागे खेचलं जातं, कंठ दाबला जातो आणि तो धाप लागल्यासारखा श्वास ओढतो.

खरी गंमत पुढे आहे. त्याने डोकं पुढे न्यायचं ठरवलं. पुढे नेलं असं त्याला ठाम वाटलं. आरशात बघतो तर ते मागेच! म्हणजे आपल्या अंगाची जी जाणीव आपण खरी मानतो तीच बिघडलेली असते. चुकीचं वळण अंगवळणी पडलं की बरोबर वळण चुकीचं वाटू लागतं. या एका निरीक्षणावर त्याची सगळी पद्धत उभी आहे. आधी थांबायचं, जुन्या सवयीला नकार द्यायचा, मग हलायचं. शिक्षकाचा हात मानेला लागतो तो दाबायला नाही, दाखवायला. १९०४ साली तो लंडनला गेला. बर्नार्ड शॉ आणि आल्डस हक्सली त्याचे विद्यार्थी झाले.

दुसरा माणूस माझ्या बिरादरीतला. मोशे फेल्डेनक्राइस, १९०४ ते १९८४. पॅरिसमध्ये इंजिनिअर झाला, पदार्थविज्ञानात संशोधन केलं, ज्यूडोचे जनक जिगोरो कानो यांच्या प्रोत्साहनाने फ्रान्समध्ये त्या विद्येचा प्रसार केला. फुटबॉल खेळताना दुखावलेला गुडघा पुढे पुन्हा बिघडला. शस्त्रक्रियेच्या यशाची खात्री देता येईना, तेव्हा ती नाकारून त्याने स्वतःच्या चालण्याचा अभ्यास मांडला. गुडघा दुखतो, पण भार तिथे कसा पोचतो? खुबा काय करतो, घोटा काय करतो, बरगड्या हलतात का? त्याच्या वर्गात लोक जमिनीवर पडून अगदी हळू, अगदी लहान हालचाली करतात, कारण जोर कमी असेल तेव्हाच सूक्ष्म फरक जाणवतो. इस्राएलचे पंतप्रधान बेन-गुरियन त्याचे विद्यार्थी होते. सत्तरी ओलांडलेले ते गृहस्थ समुद्रकिनाऱ्यावर शीर्षासन करतानाचं १९५७ सालचं छायाचित्र प्रसिद्ध आहे.

तिसरी आयडा रोल्फ, १८९६ ते १९७९. कोलंबिया विद्यापीठाची जीवरसायनशास्त्रातली डॉक्टरेट, त्यातही १९२० साली, एका बाईने मिळवलेली. स्नायूंना गुंडाळणारं जे पांढरट आवरण असतं, मटण साफ करताना हाताला लागतं ते, त्याच्यावर तिचा भर. बोटांनी, कोपरांनी खोल दाब देत दहा बैठकांत शरीराची मांडणी गुरुत्वाकर्षणाच्या रेषेत आणायची, अशी तिची कल्पना. आणि या सगळ्या मंडळींना एक नाव दिलं थॉमस हॅना या अमेरिकन तत्त्वज्ञाने, १९७६ साली: ‘सोमॅटिक्स’. ग्रीक ‘सोमा’ म्हणजे देह, पण त्याच्या लेखी बाहेरून दिसणारा नव्हे तर आतून जाणवणारा.

आतून जाणवणारा देह ही गोष्ट महाराष्ट्राला नवी वाटायचं कारण नव्हतं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, आधी अमळनेरला शिक्षक होते. बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांकडे व्यायामविद्या शिकले, माधवदासजींकडे योग शिकले, आणि मग त्यांना प्रश्न पडला की या क्रियांनी पोटात नेमकं होतं काय. १९२०च्या सुमारास त्यांनी बडोद्यात क्ष-किरणांच्या मदतीने प्रयोग केले. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झालं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो हे त्यांनी उपकरण लावून मोजलं आणि त्या निर्वात स्थितीला गुरूचं नाव दिलं. फेल्डेनक्राइस त्या वेळी विशीत होता. आतली जाणीव आणि बाहेरचं मोजमाप एकत्र आणायचा हा खटाटोप पुणे-मुंबई रेल्वेच्या वाटेवर चालला होता.

पुण्यात बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार १९३७ साली आले, अठराव्या वर्षी, जवळपास एकटे, मराठी न येणारे. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी पोखरलेलं अंग. डेक्कन जिमखान्यावर आसनं शिकवायची थोड्या महिन्यांची नेमणूक होती. पुढचं सगळं आयुष्य ते पुण्यातच राहिले आणि स्वतःच्या अंगावर तासन्‌तास प्रयोग करत शिकले. १९५२ साली यहुदी मेन्युहिन हा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक मुंबईत आला होता. अंग दुखत होतं, झोप लागत नव्हती. काही मिनिटांसाठी ठरलेली भेट तासांवर गेली आणि अय्यंगारांच्या हाताखाली तो शांत झोपला, असं सांगतात. दोन वर्षांनी त्याने त्यांना युरोपात नेलं आणि आपला सर्वांत चांगला व्हायोलिन-शिक्षक म्हणून घड्याळ भेट दिलं. व्हायोलिन न वाजवणाऱ्या माणसाला ही पदवी मिळाली, कारण वाजवण्याच्या वाईट सवयी बोटांत नसून खांद्यात, पाठीत, श्वासात असतात हे त्याने दाखवलं.

अय्यंगारांची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांची सामग्री: विटा, पट्टे, भिंतीतल्या दोऱ्या, घडीच्या खुर्च्या, घोंगड्या. ज्याचा हात पायाला पोचत नाही त्याच्या हाताखाली वीट ठेवायची. आसनाला माणूस जुळत नसेल तर मधलं अंतर वस्तूने भरून काढायचं. १९७५ साली उघडलेल्या त्यांच्या पुण्यातल्या संस्थेत ही साधनं आजही भिंतीला लागून रचलेली असतात. इंजिनिअर याला जिग म्हणेल.

आता हिशेब. या पद्धतींनी खरंच फरक पडतो का? २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पाठदुखीच्या ५७९ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना मालिश दिलं, काहींना व्यायाम, काहींना अलेक्झांडर पद्धतीचे सहा किंवा चोवीस धडे. तीन महिन्यांनी मालिशचाही उपयोग दिसला. वर्षभराने रोजच्या कामांतली अडचण मोजली तेव्हा व्यायामाचा आणि धड्यांचा परिणाम टिकून होता, मालिशचा नव्हता. दुसऱ्याच्या हाताने मिळालेला आराम ओसरतो, स्वतः शिकलेलं वळण राहतं. रोल्फच्या पद्धतीमागचा पुरावा अजून तुटपुंजा आहे. आणि हाता-पायात मुंग्या, ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं असं काही असेल तर यातलं काहीही न करता आधी डॉक्टर गाठावा.

इतकं वाचून मी शहाणी झाले होते. गेल्या वर्षी जुलैत सुट्टी काढून लावणीला घरी आले ते हे शहाणपण घेऊन. तरवा काढून मुठी बांधल्या होत्या, चिखल तयार होता. मी शेतात उतरले आणि पाठ गोल करून वाकले. बांधावर बसलेली आजी ओरडली, “पाट वाकवू नको गो! खुब्यातनं वाक. गुडगं सैल सोड.”

मी उभीच राहिले. जे शिकायला मी पुण्यात आठवड्याला पैसे मोजत होते ते हेच होतं. पाठीचा कणा लांब ठेवून खुब्याच्या सांध्यातून वाकणं, गुडघे न ताठवणं. आजीला ते साठ वर्षांपासून येत होतं. तिला तिच्या सासूने असंच बांधावरून ओरडून शिकवलं होतं. माझ्या लेखाचा शेवट मला तिथेच सापडला असं वाटलं: बघा, आमच्या आजीला सगळं आधीच माहीत होतं.

पण मग आजी बांधावरून उठली, आणि ती उठते तेव्हा तिची पाठ सरळ होत नाही. कमरेपासून ती तशीच वाकलेली राहते आणि घरापर्यंत मातीकडे बघत चालते.

तंत्र बरोबर होतं, तरी पाठ गेली. कारण साधं आहे आणि मला ते पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. झीज फक्त भार कसा लावला यावर ठरत नाही. किती वेळा लावला यावरही ठरते. सकाळपासून अंधार पडेपर्यंत, पावसात, पाठीवर इरलं घेऊन, आधी आपलं शेत आणि मग मजुरीने दुसऱ्याचं, मधे पाच बाळंतपणं, तीही लावणीच्या हंगामाची वाट न बघणारी. अलेक्झांडरला आरशासमोर उभं राहायला कित्येक महिने मिळाले. मेन्युहिनला दौरा थांबवून डोळे मिटायला मिळाले. ‘आधी थांब’ हा या सगळ्या पद्धतींचा पहिला धडा आहे आणि तो ज्याला थांबता येतं त्याच्यासाठी लिहिलेला आहे. नटाचा आवाज, वादकाचा खांदा, खेळाडूचा गुडघा यांच्यासाठी विद्या निर्माण झाल्या. लावणी करणाऱ्या बायकांची कंबर त्याहून जुनी आणि संख्येने कितीतरी मोठी, तिच्या नावाने एकही पद्धत नाही. तिच्यासाठी आपल्या भाषेत दुसरा वाक्प्रचार आहे: अंगावर काढणे.

मी विचारलं, “आजी, दुखायला लागलं तेव्हा थांबली का नाहीस?”

ती हसली. “तरवा थांबतो काय?”

त्या दिवशी मी दुपारपर्यंत टिकले. रात्री आजीने निगडीचा पाला गरम करून माझी कंबर शेकली आणि वाकड्या मनगटाच्या हाताने खांद्याला तेल चोळलं. बोटं नेमकी त्या गाठीवर थांबली, जी शोधायला पुण्यात तिघांना वेळ लागला होता. दोन दिवसांनी तो आराम ओसरला, चाचणीत म्हटलं आहे तसाच.

यंदा आम्ही घरात दोन गोष्टी ठरवल्या. लावणीला आणखी दोन माणसं घ्यायची आणि सगळ्यांनीच दुपारी काम थांबवायचं, मजुरी पूर्ण दिवसाची द्यायची. आई म्हणाली, वाडीत हसतील. हसले. आणि भिंतीला खुर्ची टेकवून मी आजीला रोज दहा मिनिटं बसवते, पाठीमागे घडी घातलेली घोंगडी. पाठ सरळ होणार नाही, ते वय गेलं. पण परवा ती डोळे मिटून म्हणाली, “हितं बरगडीखाली जरा मोकळं वाटतंय.” ऐंशी वर्षांच्या त्या अंगाला आत काय चाललंय असं कुणी विचारलं की ते सांगतं. एवढी वर्षं आम्ही कुणी विचारलं नव्हतं.